करकोच्याच्या पिसांची जाळीदार शाल

जीव वाचवणाऱ्याचे उपकार फेडण्यासाठी स्त्रीरूप घेऊन आलेली करकोची बंद दाराआड स्वतःचीच पिसे उपटून वस्त्र विणते, अशी एक जपानी लोककथा आहे. त्या वस्त्राचा भास लोकरीत आणायचा, तर पिसांच्या लाटांची स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची जुनी जाळी मला सर्वांत योग्य वाटते.

बारीक पांढरी लोकर आणि ४ मिमीच्या सुया घ्याव्यात. नमुना १८ टाक्यांचा असल्याने त्याचे सहा भाग आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाके धरून ११४ टाके सैलसर घालावेत. कडेचे टाके नेहमी सुलटच विणावेत. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. खरी जाळी तिसऱ्या ओळीत उमटते: दोन टाके एकत्र सुलट असे तीन वेळा, मग सुईवर धागा घेऊन एक सुलट असे सहा वेळा, आणि पुन्हा दोन एकत्र तीन वेळा. चौथी ओळ उलट्या बाजूची असली तरी पूर्ण सुलट विणावी, म्हणजे पिसाचा उंचवटा उठून दिसतो. या चार ओळींचा एक नमुना; तोच पुन्हा पुन्हा विणत जावा.

तिसऱ्या ओळीनंतर प्रत्येक भागात १८ टाके भरलेच पाहिजेत. सतरा भरले, तर बहुधा सुईवर धागा घ्यायचा राहिलेला असतो. दर चार-पाच नमुन्यांनंतर चौथ्या ओळीच्या सर्व टाक्यांतून रंगीत दोरा ओवून ठेवावा, कारण जाळी उसवल्यावर टाके सुईवर परत घेणे फार जिकिरीचे असते.

हवी तेवढी लांबी झाल्यावर टाके सैल बंद करावेत आणि शाल कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, ताणून टाचण्यांनी वाळवावी. तोवर ती चुरगळलेलीच दिसते.