लॅबमध्ये गटानं नाथसागराचा नकाशा कसा करायचा

एका कॉम्प्युटरला तिघं बसा. एकाच्या हाती माऊस, दुसऱ्यासमोर १:५०,००० ची टोपोशीट (सर्वेक्षणाचा छापील नकाशा), तिसरा वहीत नोंदी करणार. अर्ध्या तासानं जागा बदलाच, नाहीतर माऊस सरावलेल्या पोराकडंच राहतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. मला ते अजिबात पटत नाही.

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच वापरा. प्रोजेक्ट उघडला की खाली उजव्या कोपऱ्यात ईपीएसजी:३२६४३ निवडा. हा यूटीएम या नकाशा-पद्धतीतल्या ४३ उत्तर झोनचा (पट्ट्याचा) क्रमांक. किनवटकडचा भाग सोडला तर मराठवाडा याच झोनमध्ये येतो.

काम तालुक्यांत वाटा: पैठण, गंगापूर, पलीकडचं शेवगाव. प्रत्येक गटाची जिओपॅकेज फाईल (नकाशाची सगळी माहिती एकाच फाईलीत ठेवणारी) वेगळी. शेअर्ड फोल्डरमधल्या एकाच फाईलवर दोन गटांनी एकदम एडिटिंग केलं की ती लॉक होते, कधी खराबही होते. शेपफाईल हा नकाशाच्या फाईलीचा जुना प्रकार नकोच. तिच्या जोडफाईलींतली एखादी पेनड्राईव्हवर घ्यायची राहिली की काम अडलं. शिवाय कॉलमचं नाव दहा अक्षरांत कोंबावं लागतं, देवनागरीत त्याहूनही कमी.

पाण्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाचं मे आणि ऑक्टोबरचं चित्र घ्या. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (बी३ − बी८) / (बी३ + बी८) करा; बी३ म्हणजे चित्राचा हिरव्या प्रकाशाचा पट्टा, बी८ म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशाचा. शून्याच्या वर ते बहुधा पाणी. काठावरच्या ओल्या गाळात मात्र गटांचं एकमत होत नाही. तिथं खुशाल वाद घाला. धरणाकाठच्या गावची पोरं वर्गात असतील तर पाणी ओसरल्यावर गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) कुठं होते ते त्यांना विचारा, तसं वहीत लिहा आणि मगच पाण्याच्या काठाची रेघ ओढा.

लाईटीचा भरवसा नाही. दर पाच मिनिटांनी सेव्ह करा.