मेलेला लष्करी ट्रक टो-बारवर घाट उतरवायचा तर

“बार किती टनाचा घेऊ?” लिलावात लष्कराचा शक्तिमान नाहीतर स्टॅलियन ट्रक घेतलेला माणूस फोन करतो तो हा प्रश्न घेऊनच. बार म्हणजे टो-बार, दोन गाड्यांना जोडणारा लोखंडी दांडा. त्याच्या डोळ्यांसमोर चढ असतो. पुढची गाडी जोर लावतेय, बार ताणला जातोय आणि काडकन तुटतोय. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरीच्या गाडीवर माझी नोकरी झाली, निवृत्तीनंतरही हाच धंदा चालू आहे. डांबरी रस्त्यावर ओढताना तुटलेला धड बार मी अजून पाहिलेला नाही. उतारावर मागच्या गाडीच्या रेट्याने घडी पडलेले मात्र पाहिलेत, आणि त्यातला एक माझा होता.

हे सगळं चारी-सहाही चाकं जमिनीवर ठेवून, मागे स्टेअरिंगवर माणूस बसवून ओढण्याबद्दल आहे. पुढचा अ‍ॅक्सल उचलून न्यायचा असेल तर तो वेगळा विषय.

वजन

केबिनमधल्या पाटीवरचं रिकामं वजन वाचा आणि मग मागे हौद्यात डोकावा. लिलावाच्या गाडीत फुटके टायर, जुने इंजिन ब्लॉक, कुणाचे तरी गिअरबॉक्स भरलेले असतात. ते उतरवा. मी या जातीच्या रिकाम्या ट्रकला हिशोबात ८ टन धरतो. ओढणारी गाडी निदान तेवढ्याच वजनाची हवी, आणि हलकी असेल तर तिच्यात खडी भरा. “इंजिन दमदार आहे” हे उत्तर मला सांगू नका. उतारावर दमदार इंजिनाचा काय उपयोग?

चिखलातून बाहेर

गाडी चिखलात असेल तर बार लावूच नका. रिकव्हरीत शिकवलेला ठोकताळा असा: चाकं बुडाली असतील तर लागणारी ओढ गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट, केबिनपर्यंत बुडाली तर तिप्पट. म्हणजे ८ टनांची गाडी २४ टन मागते. ते काम विंच आणि पुलीचं. आधी गाडी कडक जमिनीवर आणा, बारचं नाव नंतर काढा.

बार

इथे थांबा, कारण बाकी सगळं कुणीही सांगेल.

आकडे मांडून बघू. ८ टनांची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ओढायला ८० ते १०० किलोची ओढ पुरते, चार माणसं ढकलू शकतात तेवढी. १२ ला १ असा चढ आला तर पाऊणएक टन लागते. आता तोच उतार, मागच्या गाडीला ब्रेक नाहीत, वळणावर बैलगाडी आडवी आली आणि पुढच्याने बऱ्यापैकी जोरात ब्रेक दाबला. मागचे ८ टन थांबवायचे काम आता फक्त बारकडे. त्या क्षणी बारवर पावणेचार टनांच्या आसपास दाब येतो. चढावरच्या ओढीच्या पाचपट, आणि तोही उलट दिशेने.

ओढ आणि दाब यांत फरक काय? वाकडा बार ओढला तर तो सरळ व्हायला बघतो. वाकडा बार दाबला तर तो आणखी वाकतो. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण माझी सगळी चूक याच एका वाक्यात होती.

कसारा घाट, पावसाळा, नाशिककडून खाली. मागे शक्तिमान, पुढे आमचा रिकामा टिपर. बार दोन इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीच्या, पाइपचा, एकेरी, दोन मीटर लांब. आधीच्या खेपेला तो मध्ये थोडा वाकला होता. वेल्डरने तापवून, घण मारून सरळ केला होता. अगदी सरळ नाही. जमिनीवर ठेवला की मधल्या भागाखाली दोन बोटं सहज जायची. मी म्हटलं, चालतंय. एका वळणावर टिपरवाल्याने ब्रेक मारला आणि बारने माणसाचं कोपर मोडावं तशी घडी घातली. शक्तिमानचं नाक आमच्या मागच्या कोपऱ्यात घुसलं, टिपरचा पार्श्वभाग ओल्या रस्त्यावर कठड्याकडे फिरला. कठड्याने धरलं म्हणून आज हे लिहितोय. शक्तिमानच्या स्टेअरिंगवरचा पोरगा नंतर तासभर कुणाशी बोलला नाही.

घरी येऊन हिशोब केला. त्या मापाचा दोन मीटर पाइप शंभर टक्के सरळ असेल तर कागदावर १३ टनांच्या दाबाला वाकायला लागतो. प्रत्यक्षात त्याआधीच, पण तरी भरपूर. तोच पाइप मध्ये ३ सेंटीमीटर वाकडा असेल तर ४ टनांच्या आतच त्याचं लोखंड कायमचं दबायला लागतं. म्हणजे घाटातला एक ब्रेक. आणि पाइपची लांबी दुप्पट केली तर दाब सोसायची ताकद निम्मी नाही, पाव होते. तीन मीटरचा बार दोन मीटरच्या बारपेक्षा “जरा” कमजोर नसतो, निम्म्याहून कमजोर असतो. ‘लांब बार बरा, गाड्या धडकत नाहीत’ असा सल्ला देणाऱ्याने घाट उतरलेला नसतो.

म्हणून माझे नियम. पटले तर घ्या, पण मी मोडत नाही.

एकदा वाकलेला बार भंगारात. सरळ करून नाही, तापवून नाही, मध्ये पट्टी मारून नाही. दोरी लांबीला ताणून धरा. दोरी आणि पाइप यांत मध्ये कुठेही करंगळी गेली तर बार संपला.

एकेरी बार फक्त सपाट रस्त्याला आणि कमी अंतराला. घाट असेल तर ए-फ्रेम: मागच्या गाडीच्या चेसिसला दोन ठिकाणी, पुढे एक डोळा. एकेरी बार दोन्ही टोकांना फिरतो, दाब आला की कुठल्या बाजूला घडी घालायची हे तोच ठरवतो. ए-फ्रेम मागच्या गाडीला नाकाच्या रेषेत धरून ठेवते. तिचे पाय मात्र फार फाकवू नका. दोन पायांत ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पायावर एकूण जोराच्या निम्म्याहून थोडा जास्त भार येतो. १२० अंशांवर फाकवलेत तर प्रत्येक पाय पूर्ण भार घेतो, मग दुसरा पाय लावून काय मिळवलंत?

बंपरला बांधू नका, हे सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. आणि पुढचे उघडे टो-हुक ओढायला आहेत, ढकलून घ्यायला नाहीत. दाबात बारचा डोळा त्यातून निसटतो. चेसिसला बोल्ट केलेला कान, म्हणजे भोकाची जाड पट्टी हवी, आणि त्यावर बारचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचं टोक. मध्ये डी-शॅकल, म्हणजे पिन लावून बंद होणारी डी आकाराची कडी, अडकवणारे भेटतात. शॅकल वायररोपसाठी आहे. बारला लावलात की प्रत्येक ब्रेकला तो आधी दोन इंच मोकळा धावतो, मग आदळतो. स्थिर भार सोसणारी पिन त्या घणाच्या घावाने जाते. पिन आणि भोकात एखाद्या मिलिमीटरपेक्षा जास्त झोल नको. हाताने पिन हलवून खडखड आवाज आला तर नवी बुश टाका.

पिन म्हणून सळईचा तुकडा पाहिलाय, स्क्रू ड्रायव्हरही पाहिलाय. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला बोल्ट घ्या, आणि त्याचे आटे कानाच्या पत्र्यात नाही तर बाहेर येतील एवढा लांब घ्या. आट्यांवर कातर आली की मोठा बोल्टही लहान होतो. शेवटी स्प्लिट पिन. पिंटल हुक, म्हणजे वरून जबडा बंद होणारा टो-हुक, असेल तर त्याच्या कुलपाची पिनसुद्धा. खड्ड्यात ते तोंड उघडतं.

वेल्डिंग. पाइपच्या तोंडावर डोळा ठेवून गोल टाका मारलेला बार बाजारात स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. पाइपला चीर देऊन पट्टी आत हातभर घातलेली आणि चारही कडांनी वेल्ड केलेली हवी. जुन्या बारचं वेल्ड तपासायला मी अजूनही रॉकेलच वापरतो: सांधा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा, वर खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर आतलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. ती रेघ दिसल्यावर “अजून एक खेप” म्हणणाऱ्याबरोबर मी जात नाही.

बारवर कंपनीने डी-व्हॅल्यू, म्हणजे जोडणीला सोसेल त्या जोराचा आकडा, ठोकली असेल तर हिशोब सोपा: दोन्ही गाड्यांच्या वजनांचा टनांतला गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१. पुढची १२ टन, मागची ८ टन असेल तर ४७ किलोन्यूटन येतात. हा आकडा मागच्याला ब्रेक आहेत असं धरून आहे. ब्रेक नसतील तर मी दुप्पट मागतो.

उंचीही बघा. बार जमिनीला समांतर हवा. पुढच्या गाडीचा हुक उंच आणि मागचा कान खाली असेल, तर ब्रेक मारल्यावर बार पुढच्या गाडीचं बूड वर उचलतो, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर सरकतात. कसाऱ्याला आमचं हेही चुकलं होतं.

मागची गाडी

ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाका, आणि लांब जायचं असेल तर जॉइंट शाफ्ट उतरवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा खालचा शाफ्ट फिरत नाही, तेल उडत नाही, बेअरिंगं कोरडी जळतात. इंजिन चालू होत असेल आणि बिघाड दुसरीकडे असेल तर ते चालू ठेवा, ब्रेकची हवा आणि पॉवर स्टेअरिंग फुकट मिळतं. होत नसेल तर पुढच्या गाडीची हवा नळीने मागे द्या. मागच्याला ब्रेक आले की वरचा पावणेचार टनांचा आकडा पार खाली येतो, हाच या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय. स्प्रिंग ब्रेकची गाडी, जिचे ब्रेक स्प्रिंग दाबते आणि हवा सोडवते, हवेविना हलत नाही म्हणून लोक चेंबरचा बोल्ट आवळून स्प्रिंग दाबून ठेवतात. ठीक आहे, पण मग तिला पार्किंग ब्रेकही उरत नाही, हे ध्यानात ठेवा.

बारखालून दोन साखळ्या गुणाकाराच्या चिन्हासारख्या. त्या बार तुटल्यावर त्याला झेलायला आहेत, गाडी ओढायला नाहीत.

रस्त्यावर

मागे लायसनवाला माणूस, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या बाजूला ‘ऑन टो’ची पाटी, हे नियमातलंच आहे. वेग २५. घाट उतरायच्या आधी वरच थांबून गिअर पाडा आणि खालपर्यंत तोच ठेवा. मागच्या माणसाने स्टेअरिंग धरायचं, ‘मदत’ करायची नाही. त्याने ब्रेक पुढच्यापेक्षा क्षणभर आधी, हलका दाबायचा. हे दोघांनी सपाटीवर दहा वेळा करून बघा. शिट्टी ठरवून ठेवा. फोनला घाटात रेंज नसते.

पहिल्या पाच किलोमीटरला थांबून पिना हाताने हलवा आणि हब गरम आहेत का बघा. पुढे दर चहाला.

सोडताना

आधी मागच्या गाडीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके, मग पिनेला हात. पिन निघत नसेल तर हातोडा घेऊ नका. ती अडकलेली नसते, तिच्यावर अजून भार असतो. पुढची गाडी बोटभर मागेपुढे घ्यायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहा, बारच्या रेषेत नाही. भार गेला की पिन दोन बोटांनी निघते.