पाऊस लागायच्या आत शेणाचा खड्डा तळापर्यंत उपसा, गेंड्या भुंगा तिथेच वाढतोय

रोहिणी लागल्या, मृग तोंडावर आलाय आणि माडाच्या गेंड्या भुंग्यावर काय मारू ही विचारणा सुरू झालीय. औषधाचं सांगतो पुढे, पण आधी तुम्ही मला सांगा, तुमच्या वाडीतला शेणखताचा खड्डा तळापर्यंत शेवटचा कधी उपसलात? वरवरचं खत काढून नेलं ते धरू नका, तळ दिसेपर्यंत कधी उपसलात ते सांगा. बहुतेकांचं उत्तर मला माहितीये, कारण दरवर्षी हेच बघतोय, माडावर हजारो रुपये ओतायचे आणि वीस पावलांवर भुंग्याची पैदास चालू ठेवायची.

गेंड्याची अळी जिवंत माडावर सहसा नसते, माडावर येतो तो पूर्ण वाढलेला, डोक्यावर शिंग असलेला काळा भुंगा. अंडी, अळी, कोष हा सगळा संसार शेणखतात, उकिरड्यात, कुजक्या खोडात आणि बुंध्यात होतो. अळी पांढरी, अंगठ्याएवढी जाड, अर्धगोल वळलेली, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसारखीच दिसते. तीन-चार महिने खत खात वाढते, मग कोष, मग भुंगा, आणि पाऊस लागला की भुंगे बाहेर पडून न उमललेल्या कोंबात घुसतात. झावळी उमलल्यावर ती कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते तेव्हा आपण जागे होतो, पण तो घाव कोंबातच झालेला असतो, भुंगा खाऊन गेलेला असतो. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, पोखरली गेली तर नारळ कमी, आणि दोन-तीन वर्षांचं रोप असेल तर मरूही शकतं.

आणि शेणात अळ्या दिसल्या म्हणजे खत चांगलं मुरलं असं म्हणणारे लोक अजून आहेत, आता तेच खत पावसाआधी टोपल्या भरभरून माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात टाकतील, म्हणजे अळी स्वतःच्या हाताने माडाच्या मुळाशी नेऊन ठेवायची. असं करू नका हो. खत पसरून, अळ्या वेचून मगच वापरा. वेचलेल्या अळ्या कोंबड्यांना घाला, त्या एकही सोडत नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, मुरुड, दापोली पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या. लोकांकडे ना माणसं होती ना पैसा, खोडं वाडीतच कुजली, त्यात त्यांचा दोष नाही. पण नंतर मोठ्या आशेने लावलेली नवी रोपं त्याच खोडांतून निघालेल्या गेंड्याने खाल्लेली मी बघितलीत, आणि ते बघवत नाही. हा आपल्या भागातला भुंगा २००७ ला पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावरही सापडला. गुआममध्ये २०१५ च्या डॉल्फिन वादळानंतर पडझडीच्या कुजक्या ढिगांमधून असाच उद्रेक झाला. म्हणून यंदा एक जरी माड पडला तरी महिन्याभरात त्याचे तुकडे करा, उभे चिरा, वाळवा, चुलीला लावा. बुंधा जमिनीबरोबर कापून वर माती ओढा, उभा बुंधा ठेवू नका.

खड्डा लगेच रिकामा करणं जमत नसेल तर अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी खतात मिसळा. अधिकृत मात्रा दर घनमीटर खताला ५०,००० कोटी बीजाणू अशी आहे. पाकिटावर ग्रॅमला १० कोटी लिहिलं असेल तर हिशोब होतो ५ किलो! चिमूटभर भुरभुरून काही होत नाही, आणि दुकानात उन्हात तापलेलं जुनं पाकीट तर घेऊच नका, ती जिवंत बुरशी आहे. कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे (केव्हीके) मिळाली तर तिथूनच घ्या. ओलाव्यावर जोरात वाढते, त्यामुळे माझा अंदाज असा की पहिल्या दोन-तीन सरी पडल्यावर मिसळलेली जास्त लागू पडते.

आता माडावरचं. कोंबाजवळ भोक आणि चावलेला भुसा दिसला की आत भुंगा आहे, तारेच्या आकडीने ओढून काढा. मग निंबोळी पेंड २५० ग्रॅम आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून कोंबाजवळच्या तीन पानांच्या बेचक्यांत भरा, मे, सप्टेंबर आणि डिसेंबरला. लहान रोपांना डांबराच्या गोळ्या, बेचक्यात तीन गोळ्या, वर वाळू, दर ४५ दिवसांनी बदला. एवढंच, आणि हे सगळं स्वस्त आहे. म्हणूनच बहुधा दुकानदार ते सांगत नाही, तो शेंड्याचं टॉनिक आणि महागडं दाणेदार कीटकनाशक काढून दाखवतो. फोरेट या विषारी कीटकनाशकाची पुडी कोंबात ठेव म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका, फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

कामगंध सापळा, म्हणजे वासाने भुंगे ओढून बादलीत पाडणारा, चांगला, पण वाडीच्या कडेला, रोपांपासून लांब लावा. वासाने आलेले सगळे भुंगे बादलीत पडत नाहीत, काही शेजारच्या रोपावर बसतात. शेजाऱ्यांनी मिळून लावले तर जास्त उपयोग. खड्डा न उपसता नुसता सापळा लावला तर भुंगे मोजत बसाल.

बाकीची कामं, माहिती आहेतच:
– आळी दुरुस्त करणे, पाण्याला वाट
– शेंडा साफ, वाळक्या झावळ्या आणि पोयी काढणे
– खताचा पहिला हप्ता
– कोंब कुजीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना)

गेंड्याच्या जखमेतून पुढे सोंड्या भुंगा येतो आणि वेळीच उपाय केला नाही तर तो माड मारतोच. पाच ते वीस वर्षांच्या माडांवर जास्त नजर ठेवा. खोडाला भोक, तपकिरी चिकट पाणी, चघळलेला चोथा, कान लावला तर करकर आवाज. हिरवी झावळी तोडावी लागली तर मीटरभर देठ ठेवूनच तोडा, आणि चढायला खोडावर खाचा पाडू नका. लागण दिसली तर आधी शहाळी-नारळ उतरवा, सगळ्यात वरचं भोक सोडून बाकीची मातीने बंद करा, वरच्यातून नरसाळ्याने इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक, लिटरभर पाण्याला १ मिली, ओता आणि तेही बुजवा. शेंडाच कलला असेल तर औषध वाया घालवू नका, तोडा, चिरा आणि आतल्या अळ्यांसकट जाळा, तेही आत्ताच, पाऊस लागल्यावर ओलं खोड पेट घेणार नाही.