आठवी-नववीच्या पोरांना शाळेच्या लायब्ररीत कसं आणायचं

पहिलं काम, कपाटाचं कुलूप काढा. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय की पुस्तकं वापरायसाठी असतात, तरी कितीतरी शाळांत हरवतील, फाटतील म्हणून ती अजून काचेमागेच, आणि पोरांना दिसतात फक्त नावं. फाटू द्या, चिकटवता येतात.

मग कपाटात आहे काय ते बघा. नववीच्या पोराच्या हातात चौथीच्या बोधकथा दिल्या तर तो परत फिरकणार नाही. या वयाला रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, विज्ञानकथा, खेळाडूंची आत्मचरित्रं, कॉमिक्स लागतात, आणि हो, कॉमिक्स वाचणं हे पण वाचनच आहे, प्लीज नाक मुरडू नका. खरेदीची यादी करताना दोन-चार मुलांनाच सोबत बसवा.

सगळ्यात भारी चालतं ते हे: ऑफ तासाला वर्गात जायचं, गोष्टीतलं एक पान मोठ्याने वाचायचं, रात्रीची वेळ, दाराची कडी वाजते, घरात एकटा मुलगा उठतो... आणि बरोब्बर तिथंच थांबायचं. मधल्या सुट्टीत कोणीतरी ते पुस्तक मागायला येतंच.

सारांश लिहून आण, किती पानं झाली, असलं काही विचारू नका. अर्धं सोडलं तर सोडू द्या, दुसरं द्या.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, भाषणं होतात, फोटो निघतात, त्यापेक्षा त्या दिवशी प्रत्येकाला एकेक पुस्तक घरी न्यायला द्या, आणि दिवाळीच्या सुट्टीला तर दोन-तीन द्याच, किशोरांचे दिवाळी अंक धरून.