पिन गावाचा नसतो, पोस्टाचा असतो

कुणाचा पिन हवा असेल तर 'तुमचा तालुका कोणता' हे विचारत बसू नका. 'तुमचं टपाल कोणत्या पोस्टातून वाटतात?' एवढं विचारा. पिन त्या बटवडा करणाऱ्या पोस्टाचा असतो. म्हणून तर एकाच पिनावर कितीतरी खेडी असतात. तेव्हा मु.पो.च्या पुढे गावाचं नाव हवंच.

माझी सारी नोकरी नाशिकरोडला आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, सॉर्टिंगमध्ये (टपालाच्या छाटणीत) झाली. नव्या पोरांना मी पहिले तीन आकडे भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या स्टेशनांवरून शिकवायचो. कल्याण ४२१, नाशिकरोड ४२२, मनमाड ४२३, चाळीसगाव ४२४, जळगाव-भुसावळ ४२५. झालं पाठ! पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा. दुसऱ्या आकड्याने त्यातला पट्टा कळतो, तिसऱ्याने सॉर्टिंगचा जिल्हा. हा जिल्हा कलेक्टर कचेरीचा नव्हे बरं का. मालेगाव, मनमाड, येवला नाशिक जिल्ह्यात, पण पिन ४२३चा. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन धुळ्यासारखा ४२४चा. उरलेल्या तिन्हींवरून पोस्ट कळतं: ४२२००१ नाशिकचं मुख्य, ४२२००३ पंचवटी, ४२२१०१ नाशिकरोड.

१५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता करणारा माणूस! एकाच नावाची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते, यावर तोड हवी होती. आपल्याकडे नुसती पिंपळगावंच मोजा की.

सहाही आकडे एकाच लिपीत लिहा. बाकीचे इंग्रजी आणि शेवटचा '१' मराठी, असं केलंत तर तो '१' थेट इंग्रजी नऊ वाटतो. ४२२००१चं झालं ४२२००९, आणि मेनरोडची राखी निघाली नाशिकच्याच सिडकोला.

फौजेतल्या भावाचा पिन ९ने सुरू होतो. तिथे हौसेने लेह-लडाख लिहू नका. नाव, हुद्दा, युनिट, एपीओ (फौजेचं पोस्ट) आणि पिन, बस्स.

२०२५मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण. दार शोधायला छान, पण लिफाफ्यावर सहा आकडी पिन लागतोच.

आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यातही पिन घाला. घराला कुलूप निघालं तर पाकीट त्याच्यावरूनच परत येतं.