लांब पल्ल्याच्या नेमबाजीत छापील बीसीवर विसंबताना या चुका टाळा

हजार यार्डांवर गोळी गणितापेक्षा फूटभर खाली लागली की नेमबाजाचा पहिला संशय उत्पादकाने छापलेल्या बॅलिस्टिक कोइफिशंटवर, म्हणजे गोळी हवा किती सहज कापते ते सांगणाऱ्या, रोजच्या बोलण्यातल्या ‘बीसी’वर जातो. माल खपवण्यासाठी कंपन्या आकडा फुगवतात, ही तक्रार जुनी आहे आणि एकेकाळी तिच्यात तथ्यही होते. आज मात्र नामांकित उत्पादकांचा आकडा सहसा खोटा नसतो. तो कोणत्या अटींवर खरा आहे हे वापरणाऱ्याने पाहिलेले नसते, आणि चूक बऱ्याचदा भलतीकडेच असते. भारतात नागरी नेमबाजी मुख्यतः १० आणि ५० मीटरवर चालते, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजाला तो ६०० यार्डांच्या पुढे पहिल्यांदा भेटतो.

पुढील विवेचनासाठी एकच ओळखीचे उदाहरण घेतो: ३०८ विंचेस्टर काडतूस, त्यात सिएरा कंपनीची १७५ ग्रेन वजनाची मॅचकिंग गोळी आणि नळीच्या तोंडाशी सेकंदाला २६०० फूट वेग. या जोडीसाठी हजार यार्डांवर बीसीत पाच टक्के चूक झाली, तर गोळी साधारण १६ इंच वर किंवा खाली जाते. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या (एनआरए) हजार यार्डांच्या लक्ष्यफलकावर दहा गुणांचे वर्तुळ २० इंच व्यासाचे असते आणि रायफल टेकूवर ठेवून खेळल्या जाणाऱ्या एफ-क्लासमध्ये ते अवघे १० इंचांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे पाच टक्क्यांची किंमत कळते.

यादीतला पहिला आकडा उचलणे

या गोळीसाठी सिएरा जी-१ पद्धतीचे तीन आकडे देते: वेग २८०० फूट किंवा त्याहून अधिक असताना ०.५०५, १८०० ते २८०० या पट्ट्यात ०.४९६ आणि १८००च्या खाली ०.४८५. बहुतेक जण गोळीचा मार्ग काढणाऱ्या मोबाइलच्या ॲपमध्ये ०.५०५ भरून मोकळे होतात, कारण तो आधी छापलेला असतो आणि मोठाही असतो. पण आपली गोळी २६००ने निघते. ती २८००च्या पट्ट्यात एक क्षणही नसते. सुमारे ५०० यार्डांवर तिचा वेग १८००च्या आसपास येतो आणि उरलेला अर्धा प्रवास ०.४८५ने होतो. म्हणजे उत्पादकाने सगळे सांगितलेले असताना आपण दोन ते चार टक्के चूक स्वतःच्या हाताने पदरात पाडून घेतो.

आकडा वेगानुसार बदलतो याचे कारण जी-१ या मापदंडातच आहे. बीसी म्हणजे आपली गोळी एका प्रमाण गोळीच्या तुलनेत हवा किती सहज कापते याचे माप. जी-१ची प्रमाण गोळी एकोणिसाव्या शतकातली, सपाट बुडाची आणि आखूड नाकाची आहे. निमुळत्या बुडाच्या आधुनिक लांब गोळीची जात वेगळी असल्यामुळे ही तुलना प्रत्येक वेगाला थोडी बदलत जाते. जी-७ची प्रमाण गोळी लांब नाकाची आणि निमुळत्या बुडाची असल्याने तिच्याशी केलेली तुलना बरीच स्थिर राहते. अमेरिकी बॅलिस्टिक तज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी लांब अंतरापर्यंतचा उड्डाणकाळ मोजून जी-७चे आकडे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ही पद्धत सामान्य नेमबाजांत रुळली. आपल्या गोळीसाठी त्यांचा आकडा ०.२४३ आहे. एकच आकडा भरायचा असेल तर जी-७चा भरावा. जी-७चा आकडा चुकून जी-१च्या रकान्यात पडला तर उत्तर इतके वेडेवाकडे येते की ती चूक लगेच पकडली जाते. तिची फार चिंता करू नये.

हवेच्या दाबातली गफलत

माझ्या मते बीसीच्या नावावर खपणारी सर्वांत मोठी चूक ही आहे. हवामान खाते किंवा फोनवरचे हवामान ॲप जो दाब दाखवते तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. गोळीला मात्र जागेवरच्या खऱ्या हवेतून जायचे असते. पुण्याचेच पाहा: शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, अहवालात १०१० हेक्टोपास्कल लिहिलेले असते, तेव्हा प्रत्यक्ष दाब ९४५ ते ९५०च्या घरात असतो. हा साडेसहा टक्क्यांच्या जवळपासचा फरक बीसीत तितकीच चूक करण्यासारखा आहे.

न्यू मेक्सिकोतील रॅटन गावाजवळचे व्हिटिंग्टन सेंटर हे नेमबाजी केंद्र सुमारे २००० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने विरळ आहे. तिथे समुद्रसपाटीचा दाब भरून सराव करणाऱ्याची गोळी गणितापेक्षा बरीच वर लागणार. मग तो बीसी वाढवत नेऊन गणित जुळवतो, आणि छापील आकडा कमी होता असे समजून खूश होतो. हाच माणूस तो ‘सुधारलेला’ बीसी घेऊन ओहायोत ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरी या नेमबाजीच्या मैदानावर गेला, की त्याच्या गोळ्या फळीच्या खालच्या मातीत जातात.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे: हातातल्या हवामानमापकावरचा जागेवरचा दाब भरायचा आणि वर उंचीही भरायची. ॲप मग उंचीची वजावट दुसऱ्यांदा करते. जागेवरचा दाब भरला असेल तर उंचीचा रकाना बंद ठेवावा किंवा शून्य करावा. ॲप नेमका कोणता दाब मागते आहे हे त्याच्या सेटिंगमध्ये एकदा शांतपणे वाचून घ्यावे.

यातच एक बारीक मुद्दा आहे. काही जुने अमेरिकी आकडे ‘आर्मी स्टँडर्ड मेट्रो’ या प्रमाण हवेसाठी दिलेले असतात, तर बहुतेक नवे आकडे आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रमाण हवेसाठी असतात. दोन्हींत तापमान १५ अंश सेल्सिअसच आहे, पण पहिलीत दाब पाऱ्याचा ७५० मिलिमीटर आणि आर्द्रता ७८ टक्के धरली आहे, तर दुसरीत दाब ७६० मिलिमीटर आणि हवा कोरडी. परिणामी तीच गोळी पहिल्या पद्धतीत सुमारे १.८ टक्क्यांनी सरस दिसते. दोन उत्पादकांच्या गोळ्यांची तुलना करताना हा फरक वजा केला नाही, तर एक टक्क्याच्या फरकावर गोळी निवडण्यात अर्थ उरत नाही.

डब्यावरचा वेग खरा मानणे

काडतुसाच्या डब्यावरचा वेग चाचणीच्या नळीतून मोजलेला असतो. ३०८साठी ही नळी सहसा २४ इंचांची असते. आपली २० इंचांची असेल तर दर इंचामागे सेकंदाला २० ते ३० फूट वेग कमी होतो असे ढोबळमानाने धरावे. हजार यार्डांवर २५ फुटांच्या फरकाने गोळी जवळजवळ दहा इंच सरकते, म्हणजे चार इंच आखूड नळी बीसीतल्या कोणत्याही चुकीला झाकून टाकते. थंडीत काडतुसातली दारू मंद जळते, हा भाग वेगळाच.

वेग कुठे मोजला हेही पाहावे. अमेरिकी लष्कराच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसांच्या मानकांत वेग नळीच्या तोंडाशी नव्हे, तर ७८ फुटांवर मोजतात. आपली गोळी पहिल्या १०० यार्डांत सुमारे १८० फूट वेग गमावते. त्या हिशेबाने ७८ फुटांत पंचेचाळीसएक फूट जातात. तो आकडा नळीच्या तोंडाचा समजून भरला, तर गोळी हजार यार्डांवर अंदाजापेक्षा दीड फूट वर लागते.

दोन क्रोनोग्राफ लावून बीसी ‘पकडणे’

छापील आकडा खोटा ठरवण्याचा हा आवडता प्रयोग आहे: एक क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, नळीसमोर, दुसरा १०० यार्डांवर, आणि दोन वेगांच्या फरकावरून बीसी. आता हिशेब करू. फरक अपेक्षित आहे १८० फुटांचा. प्रत्येक यंत्र अर्धा टक्का, म्हणजे १३ फूट, चुकत असेल आणि दोघांच्या चुका विरुद्ध दिशेने असतील, तर १८०मध्ये २६ फुटांचा घोळ होतो. बीसीत तो सुमारे १४ टक्के दिसतो. तराजूतच पासंग असताना वाण्याच्या मालाला नावे ठेवण्यातला हा प्रकार आहे. हा प्रयोग करायचाच असेल तर दोन्ही यंत्रे आधी एकामागे एक ठेवून त्यांच्यातला फरक नोंदवावा आणि अंतर किमान ३०० यार्ड ठेवावे. डॉपलर रडारने गोळीचा पूर्ण मार्ग मोजलेला असेल, तर त्या वक्राच्या आधाराने केलेले गणित अशा प्रयोगापेक्षा केव्हाही श्रेयस्कर आहे. फिनलंडची लापुआ कंपनी असे वक्र आपल्या गोळ्यांसाठी देते.

कमी अंतरावरच्या मोजणीला आणखी एक मर्यादा आहे. हॉर्नडी कंपनीने २०१५ मध्ये डॉपलर रडारच्या आधारे जाहीर केले, की हवेच्या घर्षणाने तापून गोळ्यांची प्लास्टिकची टोके उड्डाणात मऊ होतात आणि पुढच्या टप्प्यात अवरोध वाढतो. पहिल्या दोन-तीनशे यार्डांत मोजलेला बीसी तिथे खराच असतो; तो पुढे टिकत नाही एवढेच.

बीसीला हात लावण्याआधी स्कोप तपासा

आपल्या काडतुसाला १०० यार्डांच्या झिरोवरून, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळवले आहेत त्या अंतरावरून, हजार यार्डांवर जाण्यासाठी ४० एमओएच्या (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास चढवावे लागतात. टरेट, म्हणजे नेम वर-खाली करणारी स्कोपची फिरकी, दोन टक्के कमी फिरत असेल, तर आठ इंच इथेच गेले. टरेट ‘शंभर यार्डांना एक इंच’ या मापाची असेल आणि ॲपमध्ये खरा एमओए निवडला असेल, तर फरक १९ इंचांवर जातो, कारण खरा एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंचांचा असतो.

तपासणी सोपी आहे. उंच पुठ्ठ्यावर ओळंबा सोडून उभी रेघ आखावी, पुठ्ठा टेपने मोजून बरोबर १०० यार्डांवर लावावा, खालच्या खुणेवर पाच गोळ्या माराव्यात, मग ३० एमओए चढवून त्याच खुणेवर नेम धरून आणखी पाच माराव्यात. दोन्ही गटांच्या मध्यांत ३१.४ इंच अंतर यायला हवे. ते ३०.८ आले तर टरेट दोन टक्के कमी फिरते आहे. ही दुरुस्ती ॲपमध्ये स्कोपच्या रकान्यात करावी, बीसीत नव्हे. वरचा गट रेघेच्या बाजूला सरकला असेल तर क्रॉसहेअर तिरपी बसलेली आहे.

दुरुस्तीचा क्रम उलटा करणे

स्कोप, जागेवरचा दाब आणि तापमान नक्की झाल्यावरही गोळी चुकत असेल, तर जिथे गोळी अजून ध्वनीपेक्षा बरीच वेगवान आहे अशा अंतरावर, या उदाहरणात ७०० ते ८०० यार्डांवर, आधी वेगाचा आकडा क्रोनोग्राफच्या चुकीच्या मर्यादेत राहून जुळवावा. सेकंदाला १५ फुटांनी जुळले तर ठीक. ६० फूट बदलावे लागत असतील तर मागे काहीतरी राहून गेले आहे. बीसी त्यानंतर, आणि तोही अधिक लांबच्या अंतरावरच्या नोंदींवरून बदलावा. तरीही पाच टक्क्यांहून अधिक बदल लागत असेल, तर नळीचा पीळ पाहावा: ८० ग्रेनची लांब, .२२४ इंच व्यासाची गोळी ९ इंचांना एक फेरा देणाऱ्या नळीतून जेमतेम स्थिर होते, आणि डगमगत जाणाऱ्या गोळीला छापील बीसी मिळत नाही.

८५० यार्डांच्या पुढे-मागे आपली गोळी ध्वनीच्या वेगाच्या सुमारे १.२ पटीखाली येते. तिथून पुढे एका आकड्याचे गणित सैल पडते आणि गोळीची घडण बोलू लागते. १६८ ग्रेनची मॅचकिंग मुळात ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवलेली. तिच्या बुडाचा उतार १३ अंशांचा आहे, १७५चा मात्र ९ अंशांचा. ध्वनीचा वेग ओलांडताना १६८ची गोळी डळमळते म्हणून तिची हजार यार्डांवरची कुप्रसिद्धी आहे, आणि बीसी कितीही बदलला तरी ती सुटत नाही. तिथे गोळीच बदलावी लागते.