गेमिंगसाठी मॉनिटर: आधी टेबल मोजा, मग दुकानात जा

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे इंदिरानगरला गेलो होतो. भाच्याने चार महिन्यांपूर्वी पैसे साठवून गेमिंग कॉम्प्युटर जुळवला होता, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा. शेजारी बसून पाहत होतो, तर माउस जोरात फिरवला की बाण तुटक तुटक उमटत होता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टीम, त्यात डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं. रिफ्रेश रेटपुढे आकडा होता ६०. यादीतून १४४ निवडला, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली. भाच्याने माउस नुसताच गोल गोल फिरवला, मग एक खिडकी पकडून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “मामा, म्हणजे पहिल्या दिवसापासून हे असंच चालू होतं?”

असंच चालू होतं. गेमचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी त्याने पंधरा दिवस व्हिडिओ पाहिले होते आणि मॉनिटर मात्र उरलेल्या पैशांत दहा मिनिटांत उरकला होता. असं करणारा तो एकटा नाही. कार्ड तीन-चार वर्षांत जुनं वाटू लागतं, रॅम वाढवता येते. पण नीट निवडलेला मॉनिटर सात-आठ वर्षं सहज साथ देतो, आणि अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये आपण डोळ्यांनी पाहतो ती वस्तू तेवढीच. म्हणून मी ज्या क्रमाने मॉनिटर निवडतो, तो इथे सांगतो. सुरुवात दुकानातून नाही, घरातून होते.

टेप घ्या

टेबलाची खोली मोजा, म्हणजे भिंतीपासून तुमच्याकडच्या कडेपर्यंतचं अंतर. आपल्याकडचं अभ्यासाचं टेबल बरेचदा दीड फुटाचं असतं, साधारण ४५ सेंटिमीटर. मॉनिटरच्या स्टँडला त्यातले २० ते २५ सेंटिमीटर लागतात, त्यामुळे स्क्रीन भिंतीपासून बरीच पुढे येते. मग खुर्चीत नेहमीसारखं बसा आणि स्क्रीन जिथे येईल तिथून डोळ्यांपर्यंत टेप धरा. हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं, म्हणजे ६० ते ७० सेंटिमीटर अंतर हवं. दीड फुटी टेबलावर ते पन्नासच्या आसपास येतं.

आता रुंदी पाहा. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद, २७ इंची ६०, ३२ इंची ७१. पन्नास सेंटिमीटरवरून २७ इंची स्क्रीन पाहिली की कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. गेममध्ये त्या अर्ध्या सेकंदात खेळ संपतो, आणि रात्री मान दुखते ती वेगळीच. अशा टेबलाला २४ इंचीच बरा. मोठाच हवा असेल तर टेबलाच्या कडेला आवळायचा मॉनिटर आर्म घ्या, तो स्क्रीन थेट भिंतीपर्यंत मागे नेतो. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं हवीत, त्यांना व्हेसा माउंट म्हणतात. काही स्वस्त मॉडेलांना ती नसतात, आधी विचारा. टेबल भुशाच्या बोर्डाचं असेल तर क्लॅम्पखाली प्लायवूडचा तुकडा द्या, नाहीतर कड चुरते.

खिडकी कुठल्या बाजूला आहे तेही बघून ठेवा. पाठीमागे पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी चार-पाचला स्क्रीनवर गेम कमी आणि तुमचाच चेहरा जास्त दिसेल. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली की हा त्रास फुकटात मिटतो.

मग कार्ड बघा

मॉनिटरवर जितके ठिपके, तितके प्रत्येक चित्रागणिक कार्डाला रंगवावे लागतात. फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८० ला सुमारे २०.७ लाख ठिपके. क्यूएचडी, २५६०×१४४० ला ३६.९ लाख. फोर-के, ३८४०×२१६० ला ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. कार्ड तेच ठेवून नुसता फोर-के मॉनिटर आणला तर खेळ रांगायला लागतो तो यामुळे.

माझा ढोबळ हिशेब असा (आरटीएक्स ही एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स ही एएमडीची). आरटीएक्स ३०५० किंवा आरएक्स ६६०० असेल तर फुल एचडीवर समाधान माना. आरटीएक्स ४०६०, ५०६० किंवा आरएक्स ७६०० वर फुल एचडी मस्त चालतं आणि सेटिंग थोड्या उतरवून, डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी ठिपक्यांचं चित्र हुशारीने मोठं करणाऱ्या सोयी) लावून क्यूएचडीही जमतं. क्यूएचडी निर्धास्त हवं असेल तर आरटीएक्स ४०७०, ५०७० किंवा आरएक्स ७८०० एक्सटीच्या पुढे. फोर-केचा विचार त्याहून वरच्या कार्डांनी करावा.

आकार आणि ठिपके यांची जोडी मात्र फोडू नका. २४ इंचावर फुल एचडी पसरलं की इंचाला साधारण ९२ ठिपके येतात, २७ इंचावर तेच फुल एचडी पसरलं की ८२. रांगोळीचे ठिपके तेवढेच ठेवून अंगण मोठं केल्यासारखं होतं. अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. २७ इंचाला क्यूएचडीच शोभतं, तिथे इंचाला १०९ ठिपके मिळतात. काही जण म्हणतात, “क्यूएचडी घेऊन ठेवू, जड गेम फुल एचडीवर चालवू.” गेम चालेल, पण एक ठिपका सव्वा-दीड ठिपक्यांवर ताणला जाऊन चित्र पुसट होईल. रोजच तसं खेळायचं असेल तर त्या पैशांत चांगला फुल एचडी घ्यावा.

हर्ट्झ: किती पुरे?

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदात ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. १४४ वर हे अंतर ६.९ मिलिसेकंदांवर येतं, २४० वर ४.२ वर. आता फरक मोजा: ६० वरून १४४ वर गेलं की जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर गेलं की तीनसुद्धा नाही. पहिली उडी कोणाच्याही डोळ्याला दिसते. भाच्याचा चेहरा मी पाहिला आहे. दुसरी ओळखायला सरावलेला हात लागतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे नेमबाजीचे गेम रोज खेळणाऱ्याला १४४ ते १८० भरपूर झाले. २४० आणि पुढचं स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी राहू द्या, तेही कार्ड सेकंदाला तेवढे फ्रेम, म्हणजे तेवढी चित्रं, देत असेल तरच.

कथेचे, निवांत हिंडण्याचे गेम खेळत असाल तर पैसे हर्ट्झवर कमी आणि पॅनेलवर, म्हणजे स्क्रीन कुठल्या जातीची आहे त्यावर, जास्त घाला. एल्डन रिंगसारखा गेम मुळातच ६० फ्रेमवर बांधलेला आहे, तिथे २४० चा मॉनिटर काहीही जास्त देणार नाही.

पॅनेल

इथे थोडं थांबू, कारण दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर.

आयपीएस पॅनेलचे रंग चांगले, बाजूने पाहिलं तरी फिके पडत नाहीत. कमजोरी काळ्या रंगात: कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, रात्रीचे प्रसंग त्यावर खोल दिसतात. पण काळ्यातून राखाडीकडे जायला तो वेळ लावतो आणि अंधारात हलणाऱ्या गोष्टींमागे शेपटीसारखा काळा डाग ओढला जातो. टीएन या जुन्या जातीचं पॅनेल आता घेऊ नये. वेगात आयपीएसने त्याला गाठलं आहे.

व्हीएबद्दल नाशिककरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्क्रीनमधला लिक्विड क्रिस्टल थंडीत घट्ट होतो आणि सावकाश वळतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो. माझ्याकडे व्हीए मॉनिटर आहे. मखमलाबादच्या घरी जानेवारीत सकाळी सहाला सुरू केला की पहिली पंधरा-वीस मिनिटं ती काळी शेपूट स्पष्ट दिसते, मॉनिटर तापला की कमी होते. बिघाड नाही, पण सकाळी क्लासच्या आधी खेळणाऱ्या मुलासाठी मी आयपीएसच सुचवतो.

ओएलईडीचं चित्र या सगळ्यांच्या पुढचं. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो-विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा. किंमत मात्र साध्या क्यूएचडीच्या दुप्पट-तिप्पट, आणि टास्कबारसारखं एकाच जागी राहणारं चित्र वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर त्याचा ठसा उमटण्याची भीती असते. दिवसभर एक्सेल आणि रात्री तासभर गेम असं असेल तर ओएलईडी घेऊ नये असं माझं मत.

खोक्यावरचे मोठे शब्द

‘१ एमएस’, म्हणजे ठिपका एका मिलिसेकंदात रंग बदलतो, असं बहुतेक सगळ्यांवर लिहिलेलं असतं. तो आकडा एखाद्या कमाल सेटिंगवर मोजलेला असतो, आणि ती सेटिंग लावली की चित्राच्या कडेला उलटी पांढरट सावली दिसते. त्यावरून निवड करू नका. ‘एचडीआर’चंही, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याच्या दाव्याचंही, तसंच. डिस्प्लेएचडीआर ४०० या शिक्क्यासाठी स्क्रीनचा भाग भाग वेगळा उजळण्याची सोय लागत नाही, आणि ती नसली तर उजेड-अंधाराचा खरा खेळ दिसत नाही. दहा-बारा हजारांच्या मॉनिटरवर एचडीआर नाहीच असं समजून चाला.

फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल मात्र जरूर हवं. कार्डाचे फ्रेम कमी-जास्त झाले तरी मॉनिटर आपला वेग त्याच्याशी जुळवतो आणि चित्र मधेच आडवं फाटत नाही. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही फ्रीसिंकच्या मॉनिटरवर हे करतात, त्यामुळे जी-सिंकची वेगळी चिप असलेल्या महाग मॉडेलची गरज राहिलेली नाही. वक्र स्क्रीन २४ इंचाला निरर्थक आहे.

केबल

१६५ किंवा १८० हर्ट्झच्या बऱ्याच मॉनिटरांवर पूर्ण आकडा फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतो, एचडीएमआयवर १४४ च. खोक्यात कुठली केबल येते ते विचारा. फक्त एचडीएमआय येत असेल तर डिस्प्लेपोर्टची वेगळी घ्या. आणि केबल सीपीयूच्या मागे नेमकी कुठे लावायची ते मुलांना दाखवा. वरच्या बाजूला, यूएसबीच्या पिनांशेजारी जी जागा असते ती मदरबोर्डची. खालच्या बाजूला आडव्या ओळीत असते ती कार्डाची, केबल तिथे लावायची. वरच्या जागी लावली तर हजारोंचं कार्ड बसून राहतं.

विकत घेताना

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोडकडच्या दोन-तीन दुकानांत आधी चालू मॉनिटर पाहून या. दुकानदाराला विनंती करून स्क्रीन पूर्ण काळी करायला सांगा, बाजूने पाहा, मजकुराचं पान उघडून वाचा. दहा मिनिटं समोर उभं राहिलं की २४ की २७ हा वाद आपोआप मिटतो. सध्या २४ इंची आयपीएस फुल एचडी १० हजारांच्या आगेमागे आणि २७ इंची क्यूएचडी १५ ते २२ हजारांत मिळतो. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर थोडं स्वस्त पडेलही, पण परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत २७ इंची खोकं सांभाळणं आणि बिघडल्यावर पुन्हा तिकडे जाणं याचा हिशेब धरा. ऑनलाइन स्वस्त असेल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची, ते आधी वाचा.

बिल पक्कंच घ्या, त्यावर मॉनिटरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे; त्याहून मोठ्यांवर पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ झाला. ‘बिलाशिवाय कमी करतो’ याला भुललात तर वॉरंटी मागताना हातात काही नसतं. सर्व्हिस सेंटर नाशिकात आहे की मॉनिटर बाहेरगावी पाठवावा लागतो, कुरिअरचा खर्च कोणाचा, आणि किती डेड पिक्सेल (बिघडलेले ठिपके) असले तर बदलून देतात, हे तिन्ही प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. नंतर विचारले तर उत्तरं बदलतात, हा माझा अनुभव आहे.

घरी आणल्यावर

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्याच रात्री दिवे मालवून स्क्रीनवर पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी चित्रं एकेक करून लावा आणि अडकलेला ठिपका शोधा. काळ्यावर कडेने थोडा उजेड झिरपताना दिसेल, आयपीएसमध्ये तो थोडाफार असतोच. एका कोपऱ्यात पिवळा भपका असेल तर बदलून मागा. मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हर्ट्झ बदला. मॉनिटरच्या मेन्यूत ओव्हरड्राइव्ह किंवा रिस्पॉन्स टाइम नावाची सेटिंग मधल्या पायरीवर ठेवा. ब्राइटनेस कारखान्यातून बरेचदा डोळे दिपतील इतका येतो, शेजारी पांढरा कागद धरून त्याच्याइतका उतरवा. थर्माकोल आणि खोकं परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाकू नका.

यूपीएसला जोडणार असाल तर त्यावरचे वॅट वाचा, व्हीए (इथे व्होल्ट-अँपिअर, पॅनेलचा व्हीए नव्हे) नाही. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर बरेचदा ३६० वॅटच लिहिलेले असतात. २४ इंची मॉनिटर २०-३० वॅटच खातो, पण ऐन गेममध्ये लाइट गेली तर कार्डाचा भार त्याला झेपत नाही आणि सगळंच बंद पडतं.

पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याभोवती चिलटं जमतात, मळ्यालगतच्या घरांत तर फारच. त्यातलं एखादं बारीक चिलट फटीतून पॅनेलच्या आत शिरतं आणि स्क्रीनवर चालताना दिसतं. त्याला बोटाने दाबू नका. आत चिरडलं गेलं की तो काळा ठिपका तिथेच राहतो, पॅनेल उघडल्याशिवाय निघत नाही. मॉनिटर बंद करा, खोलीत दुसरीकडे दिवा लावा आणि थांबा. बहुतेक वेळा ते उजेडाच्या मागे आपणच बाहेर येतं.